अजून चार दिवस

माझ्या बापाला एक विद्या येत होती. झाडाला मरणाच्या किती जवळ न्यायचं आणि कुठे थांबायचं, हे त्याला नुसतं बघून कळायचं. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांत संत्र्याच्या बागा होत्या, आणि मे महिन्यात त्या सगळ्या बागांतून त्याला बोलावणं यायचं.

संत्र्याचं झाड लाडानं फुलत नाही. मृगाचा बहार धरायचा तर एप्रिल-मेमध्ये, ऊन आग ओतत असताना, झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. पानं आधी मलूल होतात, मग कडेनं वळतात, मग पिवळी पडून गळायला लागतात. झाडाला वाटतं, आपलं संपलं. मग पाऊस आला की ते घाबरलेलं झाड जीव खाऊन फुलतं. ताण कमी पडला तर नुसता पाला वाढतो, जास्त झाला तर सरपण होतं. या दोन्हींच्या मधली रेघ बापाला दिसायची. झाड सगळ्यात केविलवाणं दिसतं अशा भर दुपारी तो बागेत शिरायचा, एक पान मुठीत चुरगळून आवाज ऐकायचा, बुंध्याजवळची माती उकरून चिमूटभर जिभेवर ठेवायचा. बागेचा मालक समोर हात जोडून उभा. बाप माती थुंकायचा आणि म्हणायचा, "अजून चार दिवस."

चार दिवसांनी परत तेच. कधी कधी तिसऱ्यांदाही तेच. मालक रडकुंडीला यायचे, पण त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे, कारण त्याचा अंदाज चुकलेला कुणी पाहिला नव्हता. आणि एक गोष्ट सांगायला हवी. ताणाच्या त्या दिवसांत तो स्वतःही वावरात पाणी पीत नसे. सकाळी घरून निघताना प्यायचा, मग दिवस मावळल्यावर घरी येऊन. गावातले म्हणायचे, झाडाशी इमान राखतो. माझी माय म्हणायची, "इमान नाई, खोड हाय."

मी दहा वर्षांची असेन. विहिरीजवळचं एक झाड मी माझं मानलं होतं. त्याची पानं वळायला लागली ते मला बघवेना. माय धुणं धूत होती तिथून मी लोटाभर पाणी नेलं आणि झाडाच्या आळ्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी अजून एक लोटा. असं आठवडाभर केलं. जुलैत सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरून गेली, वासानं डोकं दुखायचं, आणि माझं झाड तेवढं हिरवंगार, गुबगुबीत, एकाही फुलाविना उभं होतं.

बापानं मला हाक मारली. मारलं नाही, त्यानं मला कधीच मारलं नाही. काही बोललाही नाही. पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबला. मी ते सगळं विसरून गेले होते, तेव्हा एका दिवशी सकाळी त्यानं मला त्या झाडाजवळ उभं केलं आणि म्हणाला, "झाडाले काय होते ते तुले पाह्यचं होतं नं? पाह्य."

दिवसभर मला तिथून हलू दिलं नाही. तो समोर धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून विळ्यानं काड्या तासत होता. तोही पाणी प्याला नाही, पण तो मोठा माणूस होता आणि मी दहा-अकरा वर्षांची पोर. दुपारी माझी जीभ टाळूला चिकटली. विहीर वीस पावलांवर होती, तिच्यातलं पाणी मला हलताना ऐकू येत होतं. मी म्हटलं, "बाबा, पानी." त्यानं माझ्याकडे पाहिलं, माणूस पानाकडे पाहतो तसं, आणि म्हणाला, "अजून दम हाय."

माय घराच्या दारात लोटा घेऊन उभी होती. बापानं मान वळवून एकदाच तिच्याकडे बघितलं, आणि ती उंबऱ्याच्या बाहेर आली नाही. संध्याकाळी त्यानं स्वतः मला पाणी पाजलं, आधी घोटभर, मग थांबून अर्धा लोटा, मग पोटभर. ताण तोडतानाही तसंच करतात, पहिलं पाणी हलकं. मी त्याचा तेव्हापासून द्वेष करते, आणि त्याच दिवसापासून त्यानं मला एकदा तरी 'चांगलं' म्हणावं म्हणून मी मरत आले. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात ते मला विचारू नका.

तो शब्द त्याच्या तोंडून कुणासाठीच निघत नसे. मायच्या हातच्या स्वयंपाकाला तो जास्तीत जास्त "खाल्लं" म्हणायचा. मी मॅट्रिकला पहिल्या वर्गात आले, गुणपत्रिका त्याच्यापुढे धरली. त्यानं ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाला, "ताण कमी पडला." नागपूरला शिकायला पाठवलं, तेव्हा एसटीच्या फाट्यापर्यंतही आला नाही. रसायनशास्त्र घेऊन मी पदवीधर झाले, नागपुरातच एका संस्थेत नोकरीला लागले, आणि गावाकडे गेले की मिळवलेलं सगळं त्याला दाखवत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या संस्थेत फळांपासून काय काय करता येतं याचे प्रयोग चालायचे. आमचे सर दोन वर्षं फ्रान्समध्ये, बर्गंडी नावाच्या मुलखात राहून आले होते. बायका माहेराबद्दल बोलतात तसे ते बर्गंडीबद्दल बोलायचे. तिथली पांढरी वाइन त्यांना इथे, आमच्या या उन्हाच्या भट्टीत, करायची होती. सुटकेसमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी शार्डोने नावाच्या द्राक्षाच्या काड्या आणल्या होत्या आणि बंगल्याच्या मागे कुंड्यांत पोरांसारख्या जपल्या होत्या. सर मनानं फार चांगले. त्यांना सगळंच आवडायचं. माझं टिपण, कॅन्टीनचा चहा, शिपायाच्या पोरीचं चित्र, सगळं "वा, वा, अप्रतिम!" त्यांच्या कौतुकाला त्यामुळे चवच नव्हती.

एकदा त्यांनी फळ्यावर टेकडी काढली. "हे बघा," म्हणाले, "एकच टेकडी, एकच जातीचा वेल, गावही एकच. पण वरच्या अंगाची वाइन पातळ, खालच्या चिकणमातीतली जड. मधल्या पट्ट्यातली मात्र अशी, की माणूस प्याल्यावर गप्प बसतो. कारण मधे चुनखडी आहे. चुनखडी पाणी धरून ठेवते, पण सहजासहजी देत नाही. मुळांना खोल जाऊन मागावं लागतं."

धरून ठेवते पण देत नाही. सर जमिनीचं सांगत होते, मला घरचं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "सर, अशी जमीन माझ्या बाबांकडे आहे."

आमच्या वावराच्या टोकाला अर्धा एकराचा तुकडा होता. नांगर फिरवला की पांढरे खडे वर यायचे. तिथे संत्र्याचं झाड जगत नसे. पानं पिवळी पडायची, फक्त शिरा हिरव्या राहायच्या. बापानं तिथे तीनदा कलमं लावली होती आणि तीनदा उपटून टाकली होती. त्याच्या आयुष्यात त्याला न जुमानणारी तेवढीच एक जागा.

सर त्या तुकड्यात उतरले आणि खडे हातात घेऊन हसायला लागले. "काकाजी," ते बापाला म्हणाले, "हे सोनं आहे!"

बाप म्हणाला, "सोनं असतं तं संत्रा मेला नसता. याचं काय करनार तुमी? दारू?"

"वाइन, काकाजी. दारू नाही म्हणता येणार तिला."

"माह्या बापाले मोहाची दारू घेऊन गेली. तिलेबी तो औषधच म्हने."

मला वाटलं, संपलं. पण सरांनी भाबडेपणानं त्याला सगळं सांगितलं. तिकडे वेलाला मुद्दाम फार खायला देत नाहीत, घड कमी ठेवतात, फळ पिकायला लागलं की वेल जितका तहानलेला तितका रस घट्ट. बाप ऐकत होता. त्यानं खाली वाकून चिमूटभर पांढरी माती जिभेवर ठेवली, बराच वेळ घोळवली, थुंकली.

"तिथले लोकं शहाने हायेत," तो म्हणाला. "लावा. पन पानी मी सांगीन तवा."

सरांनी आनंदानं हात पुढे केला. बापानं तो धरला नाही, माझ्याकडे पाहिलं. ती अट माझ्यासाठी होती.

पुढची तीन वर्षं दर शनिवारी मी एसटीनं गावाला जायची. सरांनी मला पुस्तकातलं शिकवलं, वेल मात्र बापानं शिकवला, न बोलता. एप्रिलमध्ये छाटून काडी तयार करायची, ऑक्टोबरमध्ये परत छाटून फळ धरायचं, म्हणजे फळ थंडीत वाढतं. आमच्याकडे थंडीत दुपार उबदार आणि पहाट कडाक्याची. त्या पहाटेच्या गारठ्यानं द्राक्षातला आंबटपणा टिकतो, आणि आंबटपणा टिकला तरच त्या वाइनला कणा राहतो. पहिली दोन वर्षं वेलांना घड लागले तेव्हा बापानं विळा घेतला आणि एकूण एक घड कापून जमिनीवर टाकला. सर रडायचेच बाकी होते. "मूळ तर खाली जाऊ द्या," एवढंच बाप म्हणाला.

तिसऱ्या हिवाळ्यात फळ धरलं. लहान लहान घड, हिरवट पिवळे, मणी उन्हाकडे धरला तर आतली बी दिसायची. मी एक मणी तोंडात टाकला, आणि मला पहिल्यांदा कळलं की सर उगाच वेडे झाले नव्हते. त्यात लिंबाची साल होती, मध होता, आणि मागून ओल्या पाटीवरच्या खडूचा वास होता. जानेवारी संपता संपता फळ मऊ व्हायला लागलं आणि बापानं पाणी तोडलं.

त्याच आठवड्यात संस्थेत वरून पत्र आलं. यंदा दाखवण्याजोगं काही झालं नाही तर प्रयोग बंद, आणि प्रयोगासाठीची जागा रद्द. ती जागा म्हणजे मी. तीस वर्षांची, बिनलग्नाची, मला त्या घरात परत जावं लागलं असतं, त्या धुऱ्यासमोर. सर म्हणाले, "काही काळजी करू नका, होईल सगळं छान." ते नेहमी असंच म्हणायचे.

शनिवारी गेले तर वेलांची पानं दुपारी लोंबत होती. पुढच्या शनिवारी कडेची पानं वाळून कुरकुरीत झाली होती आणि काही मण्यांना सुरकुती पडली होती. बापानं एक मणी चावला, बी दातांनी फोडली, थुंकली.

"बाबा, मरतील वेल," मी म्हटलं.

"अजून चार दिवस."

"सुकून गेलं तर सगळं जाईल. माझी नोकरी जाईल."

"मंग जाईल," तो म्हणाला. त्या दिवशी त्याला काटोलला एका लग्नाला जायचं होतं. सदरा घालून, टोपी ठेवून तो निघून गेला. तो दुसऱ्या दिवशी परतणार होता.

मी वेलांमध्ये उभी राहिले. माझ्यात तेव्हा बापावरची भक्ती नव्हती, सरांवरची नव्हती, विज्ञान तर नव्हतंच. नुसती भीती होती. मी विहिरीवर गेले. माय तिथेच होती, मोटरच्या खोपटाजवळ तुरीच्या काड्या बांधत. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, उठली आणि मोटरचं बटन स्वतः दाबलं.

"मी नाई पाह्यलं वं काही," ती म्हणाली आणि परत काड्या बांधायला बसली. वीस वर्षांपूर्वीचा लोटा तिनं असा आणून पोचवला.

दोन तास पाणी चाललं. त्या पांढऱ्या जमिनीनं ते असं ओढून घेतलं की बुडबुड्यांचा आवाज येत होता. संध्याकाळपर्यंत पानं उभी राहिली. मला इतकं बरं वाटलं की मी मायला मिठी मारली. सकाळी माझं नशीब बघा, कुठून तरी ढग आले आणि अवकाळी शिंतोडा पडून गेला, वरची माती सगळीकडे सारखी ओली झाली. बाप लग्नाहून आला, वेलांत गेला, एक मणी खाल्ला. बी फोडली. उभा राहिला. मग माझ्या अंगावरून निघून गेला.

"शिंतोडा आला होता," मी त्याच्या पाठीला म्हटलं. तो चालतच राहिला. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं त्याला कळलं, मग वाटलं कळलं असतं तर गप्प बसला असता का.

आठवड्यानं पहाटे द्राक्षं काढली. टोपल्यांवर ओली पोती टाकून, ऊन वाढायच्या आत जीपनं नागपूरला आणली. वजन सरांच्या अंदाजापेक्षा जास्त भरलं. सर म्हणाले, "अप्रतिम!"

सिव्हिल लाइन्सकडच्या त्या जुन्या बंगल्याला तळघर होतं. भिंतींना वाळ्याचे पडदे, खाली बर्फाच्या लाद्या, दिवसातून तीनदा पाणी मारायचं, तेव्हा कुठे ते गार राहायचं. तिथे मी दाबून काढलेला पहिला रस प्याले. वास होता. चवीला सुरुवात होती, शेवटही होता. मधे कुणी नव्हतं. वेलीवर खाल्लेला तो मणी गेला कुठे? पाण्यात गेला. मी तो बुडवला होता.

आता इथून पुढे जे केलं ते मी केलं, सरांनी नाही. वाइनचा अर्धा जन्म वावरात होतो आणि अर्धा तळघरात. तळघरात माणसाच्या हातात बऱ्याच गोष्टी असतात. रस काचेच्या बरणीत ठेवला तर तो जसा आहे तसा राहतो, काही लपत नाही. ओकच्या पिंपात ठेवला तर लाकूड आपलं बोलणं त्यात मिसळतं. पिंप आतून जाळलेलं असेल तर जास्तच बोलतं. सरांना काच हवी होती. "चुनखडी दिसू द्या," ते म्हणत होते, "उगाच लाकूड कशाला?" मी त्यांच्याशी आठवडाभर भांडले. फ्रान्समध्येही पिंपच वापरतात, हे त्यांच्याच वहीतून त्यांना वाचून दाखवलं. शेवटी त्यांनी माझ्या हट्टाचंही कौतुक केलं आणि मान्य केलं. एका मद्यार्काच्या कारखान्यातून आणलेली दोन जुनी ओकची पिंपं मी सुताराकडून आतून तासून घेतली आणि शेगडी ठेवून जाळून घेतली, सर म्हणाले होते त्याच्या दुप्पट वेळ.

रस आंबून झाला की तळाशी गाळ बसतो. तो लगेच काढून टाकता येतो किंवा ठेवता येतो. ठेवून दर आठवड्याला काठीनं ढवळला तर वाइन अंगानं भरते, सायीसारखी होते. मी नऊ महिने ढवळला. आणखी एक असतं. वाइनमध्ये कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा असतो. तो तसाच ठेवता येतो किंवा त्याचा दह्यासारखा मऊ आंबटपणा होऊ देता येतो, मग लोण्याचा वास येतो. मी तोही होऊ दिला. जिथे जिथे पोकळ लागलं तिथे तिथे मी काहीतरी भरलं. बाईनं विरलेल्या लुगड्याला ठिगळं लावावीत तसं माझं ते वर्ष गेलं. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण तळघरात तांबडं फुटत नाही, असं मी धरून चालले होते.

वाइन सोनेरी झाली. मोठ्या शहरांतून चार जाणकार आले, त्यांनी पेले फिरवले, नाकाला लावले, डोळे मिटले. भाजलेलं खोबरं म्हणाले, लोणी म्हणाले, साय म्हणाले. खडू कुणीच म्हटलं नाही. प्रयोग चालू राहिला, माझी जागा कायम झाली. सरांनी सगळ्या संस्थेला संत्रा बर्फी वाटली.

मला त्या चौघांशी काही देणंघेणं नव्हतं. मी बाटली घेऊन गावाला गेले. बाप म्हणाला, "दारूले मी तोंड लावत नाई." पुढच्या वेळी परत नेली. "एक थेंब, बाबा. माती नाही का चाखत तुम्ही?" तो म्हणाला, "मातीनं माहा बाप नाई मारला." त्या दिवशी मी बाटली भिंतीवर फोडणार होते. आयुष्यात एकदाच मी असं काही केलं होतं ज्याचा न्याय फक्त त्याची जीभ करू शकली असती, आणि ती जीभ तो तोंडात मिटून बसला होता. वर मला हेही कळत होतं की मला त्या न्यायाची भीती वाटते. दोन वर्षं ते तसंच राहिलं.

मग एका सकाळी तो बागेत पडला. अर्धं अंग गेलं. नागपूरला दवाखान्यात आणला तेव्हा शुद्धीवर होता, पण गिळता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तोंडानं पाण्याचा घोटही द्यायचा नाही, फुफ्फुसात जाईल. शिरेतून सलाईन चालू आहे. फक्त कापसाच्या बोळ्यानं ओठ आणि जीभ ओली करत राहा, त्यांना बरं वाटेल.

मे महिना होता. वॉर्डातला पंखा गरम हवा ढवळत होता. बापाची जीभ वाळून खरखरीत झाली होती. मायनं पहिल्या दिवशी बोळ्यानं ती ओली केली, तेव्हा तो लहान पोरासारखा बोळा चोखत होता. मी ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय चूळ भरायला आणि लोटा भरून आणायला बाहेर गेली होती. मी पिशवीतून बाटली काढली. होय, मी ती बरोबर नेली होती. मी चांगली मुलगी होते असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पेल्यात थोडी ओतली, बोळा बुडवला, पिळला आणि त्याच्या जिभेवर ठेवला. त्याला नाही म्हणता येत नव्हतं. ज्या गोष्टीला त्यानं जन्मभर तोंड लावलं नाही, ती मी त्याच्या तोंडात घातली.

त्याचे डोळे मोठे झाले. मग जीभ हलायला लागली, सावकाश, मातीवर हलायची तशी. त्या क्षणी त्यानं नुसतं 'चांगलं' म्हटलं असतं तर मी त्याला सगळं माफ केलं असतं, तो धुराही, ती दुपारही.

तो बोलला. अर्ध्या तोंडानं, पण स्पष्ट.

"पानी कोनं देल्लं?"

मी बाटलीला बूच लावलं.

"शिंतोडा नोता तो," तो म्हणाला. थांबला, परत जीभ फिरवली. "अन् मंग लाकडानं झाकलं."

चार जाणकार, सर, बर्फी, कायम झालेली जागा, सगळं त्या दोन वाक्यांत गेलं. तो बरोबर होता. मी त्याच्या तोंडातून बोळा काढून घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, राग आला, इतका की कानात शिटी वाजत होती.

"चार दिवस थांबले असते तर?" मी विचारलं. "काय झालं असतं, बाबा?"

त्याला आता दुसरंच काही हवं होतं. वाइननं जीभ आणखी कोरडी पडली असणार. त्याची नजर उशाजवळच्या वाटीकडे गेली. तिच्यात पाणी होतं, बाजूला नवा कापूस होता.

"पानी दे वं," तो म्हणाला.

मी वाटी उचलली. डॉक्टरांनी बोळ्याला परवानगी दिली होती, मला ते पक्कं ठाऊक होतं. मी त्याच्या ओठांकडे बघितलं, जिभेकडे, डोळ्यांखालच्या सैल कातडीकडे, नीट, शिकवलं होतं तसं. आणि वाटी खिडकीत ठेवून दिली.

"अजून चार दिवस, बाबा."

त्याच्या तोंडाची जिवंत बाजू वर गेली. तो हसला. मला पाहून तो कधी हसला असेल असं मला आठवत नाही. त्यानं परत पाणी मागितलं नाही, त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. मीही दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

पण त्या पहिल्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मी वाटी खिडकीत ठेवून वळले तेव्हा माय वॉर्डाच्या दारात उभी होती, हातात भरलेला लोटा. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं एक पाय आत टाकला. मी मान वळवून एकदाच तिच्याकडे बघितलं.

ती आत आली नाही.